मुलाखतीच्या खुर्चीत बसण्याआधी: अटलांटातल्या स्टिग्मा-संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

दर ऑगस्टमध्ये मला दोन-तीन मराठी मुलामुलींचे मेसेज येतात. पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला अटलांटात आलेली असतात, आठवड्याला वीस तासांचं असिस्टंटचं काम मिळालेलं असतं, आणि प्रकल्पाचा विषय वाचून जरा बावरलेली असतात: ब्लॅक गे आणि बायसेक्शुअल पुरुष, त्यांच्या वाट्याला येणारा स्टिग्मा, म्हणजे समाजाकडून मिळणारी हीन वागणूक, आणि त्यांचं आरोग्य. "ताई, नेमकं काय करायचं असतं? काय वाचून येऊ?" मी या शहरात नऊ वर्षं अशा मुलाखती घेतल्या. पहिल्या काही तर बऱ्यापैकी वाईट घेतल्या. तेच उत्तर दरवेळी तुकड्यातुकड्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

माझ्या दुसऱ्याच मुलाखतीत समोर पस्तिशीचे एक गृहस्थ होते. हातात टॅब्लेट, त्यावर समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांची रोजच्या भेदभावाची प्रश्नावली. ही १९९५ च्या डेट्रॉइट सर्वेक्षणातून आली आणि आता जगभर वापरतात. लोक तुमच्याशी कमी सौजन्याने वागतात का, दुकानात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट सेवा मिळते का, लोक तुम्हाला घाबरल्यासारखे वागतात का, असे नऊ प्रश्न. ते भराभर उत्तरं देत होते. मग शेवटचा आला: या अनुभवांचं मुख्य कारण काय वाटतं? वंश, लिंग, वय, धर्म, उंची, वजन, लैंगिक कल, शिक्षण वा उत्पन्न. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच पर्याय निवडता यायचा.

ते पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तो गार्ड दुकानभर माझ्या मागे फिरला तेव्हा त्याने असा फॉर्म नव्हता भरला."

मी हसले, कारण काय करावं सुचेना. पुढचं पान उघडायला काहीतरी निवडणं भाग होतं. मी 'वंश'वर टिचकी मारली. त्यांनी नाही, मी. ती टिचकी अजून त्या डेटात आहे. तिच्याकडे मी शेवटी परत येईन.

आकडे वाचा, पण पहिल्या आकड्यावर थांबू नका

पहिल्या आठवड्यात प्रश्नावली उघडूच नका. आधी आकडे वाचा. एक आहे सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, २०१६ चा अंदाज. तेव्हाचे दर तसेच राहिले तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या ब्लॅक पुरुषांपैकी दोघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल, असं त्यात मांडलं होतं. लॅटिनो पुरुषांत हे प्रमाण चारांत एक, गोऱ्यांत अकरांत एक. हा आकडा प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो: ही माणसं असं काय करतात?

त्याचं उत्तर आकडेवारीत आहे आणि ते बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. साथरोगतज्ज्ञ ग्रेगोरिओ मिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रचलित बारा गृहीतकं एकेक करून तपासली. २००७ आणि २०१२ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पुन्हा तपासणी झाली. कंडोमशिवाय संबंधांचं प्रमाण ब्लॅक पुरुषांत गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. जोडीदारांची संख्याही जास्त नव्हती, नशेचं प्रमाण उलट कमी होतं. फरक निघाला तो दुसरीकडे: विमा नसणं, उपचार सुरू न होणं किंवा मध्येच सुटणं, आणि त्यामुळे रक्तातला विषाणू आटोक्यात न येणं. ज्या वर्तुळात विषाणू आधीच जास्त आहे आणि उपचार कमी, त्या वर्तुळात तेच वागणं जास्त महाग पडतं. अमेरिकेत वंशांमधल्या भिंती अशा आहेत की माणूस जोडीदार बहुधा आपल्याच वर्तुळातून निवडतो. जॉर्जियाने मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचा, पूर्ण विस्तार आजवर केलेला नाही हेही इथेच नोंदवा. स्टिग्माच्या अभ्यासात विम्याचं काय काम, असं विचारणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, मिलेट यांचे तक्ते समोर ठेवा.

तेव्हा हा क्रम पाळा: आधी मिलेट, मग सीडीसी. उलट वाचलंत तर प्रश्न विचारताना तुमच्या आवाजात दया येते, आणि समोरच्याला ती पहिल्या मिनिटात ऐकू येते.

कलंक 'लागला' की 'लावला'?

स्टिग्माला आपल्याकडच्या एचआयव्हीच्या पत्रकांत 'कलंक' म्हणतात. मला तो शब्द फार जड वाटायचा. पण मराठीने इथे एक सोय करून ठेवली आहे. कलंक 'लागला' म्हटलं की करणारा गायब. जणू पावसात छत्री विसरली आणि भिजलो. कलंक 'लावला' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणी? तुमच्या अभ्यासातला प्रत्येक प्रश्न मनात मराठीत करून बघा आणि त्यात कोणतं क्रियापद बसतं ते तपासा. मी अजून करते.

सिद्धांताचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये स्टिग्माला माणसाची प्रतिमा डागाळणारी खूण म्हणून मांडलं. त्यांना स्वतःला नात्यांबद्दल बोलायचं होतं, पण नंतरच्या अनेकांनी ती खूण माणसाच्या अंगावरच शोधली. २००१ मध्ये ब्रूस लिंक आणि जो फेलन यांनी स्टिग्मा म्हणजे एक साखळी आहे असं दाखवलं: शिक्का मारणं, त्याला वाईट गुण चिकटवणं, 'ते' आणि 'आपण' वेगळे करणं, दर्जा कमी करून भेदभाव करणं. आणि हे सगळं ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाच जमतं. इलन मेयर यांची 'अल्पसंख्याकांवरच्या ताणा'ची मांडणी १९९५ ची, २००३ मध्ये विस्तारलेली: प्रत्यक्ष घडलेला प्रसंग, पुन्हा घडेल याची सततची धास्ती, लपवण्याचे कष्ट, आणि हळूहळू स्वतःबद्दलच वाटू लागलेली घृणा. मार्क हॅट्झेनब्युलर यांनी पुढे कायदे, धोरणं आणि आसपासच्या लोकांच्या सरासरी मतांनाच मोजता येणारा स्टिग्मा मानलं. हे चौघं-पाच जण वाचलेत की पहिलं सेमिस्टर निभतं.

पण सिद्धांत शरीरात उतरतो कसा हे खुर्चीत बसल्यावरच कळतं. एकांनी मला सांगितलं की फार्मसीतून बाहेर पडताच ते गाडीत बसून गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडतात. भावाकडे राहतात, बाथरूम सगळ्यांचं एकच. एकदा पाहुणे आले म्हणून बाटली गाडीतच राहिली आणि चार दिवस गोळी चुकली. आता याला प्रश्नावलीत काय म्हणाल? 'औषध नियमित न घेणे'. तक्त्यात ते 'वर्तन' या रकान्यात जातं. म्हणून चुकलेल्या गोळीचा प्रश्न असेल तिथे त्याला लागून दुसरा प्रश्न घाला: औषध कुठे ठेवता, आणि ते कोणाच्या नजरेला पडू शकतं?

शब्द त्यांचा वापरा

पेपरात 'एमएसएम' लिहितात, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. नऊ वर्षांत एकाही माणसाने स्वतःला एमएसएम म्हणवून घेतलेलं मी ऐकलं नाही. कोणी गे म्हणतं, कोणी बायसेक्शुअल, कोणी क्विअर, कोणी 'सेम जेंडर लव्हिंग'. हा शेवटचा शब्द ब्लॅक कार्यकर्ते क्लिओ मनागो यांनी १९९० च्या दशकात रूढ केला, कारण 'गे' हा शब्द अनेक ब्लॅक लोकांना गोऱ्यांच्या वस्तीतून आलेला वाटायचा. काही जण म्हणतात, मला शब्दच नको. मुलाखतीच्या सुरुवातीला एकदा विचारा, "तुम्ही स्वतःसाठी कोणता शब्द वापरता?" तो टिपून ठेवा आणि दोन तास तोच वापरा. नाहीच दिला तर "तुम्ही ज्यांना डेट करता ते पुरुष" एवढं पुरतं.

'डाउन लो' हा शब्द तुम्ही स्वतःहून उच्चारू नका. २००० नंतरच्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने असं चित्र रंगवलं की लपूनछपून पुरुषांशी संबंध ठेवणारे ब्लॅक पुरुषच साथ बायकांपर्यंत पोचवतात. संशोधनात तो दावा टिकला नाही, पण शब्दाचा ओरखडा राहिला. आणि हो, "तुम्ही घरच्यांना कधी सांगितलंत?" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कित्येक घरांत सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी सांगितलेलं नसतं. हा प्रकार मराठी घरात वाढलेल्यांना समजावून सांगावा लागू नये.

"आमच्याकडे जात असते"

हा भाग आपल्यासाठी खास, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते.

मला वाटायचं की माझ्याकडे एक पूल तयार आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, ही गोष्ट मी अभिमानाने सांगायचे. एका साठीच्या गृहस्थांना ती सांगितली आणि वर म्हणाले, "आमच्याकडेही जात असते, त्यामुळे मला थोडंफार कळतं." त्यांनी शांतपणे विचारलं, "त्यात तुम्ही कुठल्या बाजूला?"

मी ज्या बाजूला होते ती सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि मुलाखत पुढे चालू झाली, पण पुढची उत्तरं दोन-दोन शब्दांची. ट्रान्सक्रिप्ट पाहिलं तर तो सांधा स्पष्ट दिसतो.

तुलना मनात जरूर करा, तिथे ती कामाची आहे. कोणत्या दारातून आपण न विचारता आत जातो, हे आठवून पाहा. पण समोरच्याच्या वेळेत आपलं कबुलीपत्र वाचू नका. कोणी विचारलंच तर एका वाक्यात खरं सांगा आणि गप्प बसा.

खोली, फोन आणि सही

खुर्ची अशी ठेवा की त्यांची पाठ दाराकडे नसेल. ही सूचना मला एका वयस्कर सहकाऱ्याने दिली, ते स्वतः ब्लॅक गे पुरुष होते आणि माझ्यापेक्षा तिप्पट चांगल्या मुलाखती घ्यायचे. प्रकल्पात असं कोणी नसेल तर तो प्रकल्पच अर्धवट आहे असं माझं मत आहे. नुसतं सल्लागार मंडळ पुरत नाही. पगारावर, निर्णय घेणाऱ्या जागेवर माणूस हवा.

फोनवर किंवा मेसेजमध्ये अभ्यासाचं खरं नाव, 'एचआयव्ही', 'गे' यांपैकी काहीही येता कामा नये. अभ्यासाला एक साधं, काहीच न सांगणारं नाव असतं, तेच वापरा. पहिल्या फोनवर विचारा: व्हॉइसमेल ठेवला तर चालेल का, हा फोन आणखी कोणी उचलतं का? आमच्या एका नव्या मुलीने चांगल्या मनाने अभ्यासाचं पूर्ण नाव घेऊन एका गृहस्थांसाठी निरोप ठेवला होता. तो त्यांच्या आईने ऐकला. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, आणि आमच्या नोंदीत ते 'संपर्क तुटला' या रकान्यात आहेत.

संमतीपत्रावरची सही हा वेगळा विषय. कधीकधी अख्ख्या अभ्यासात त्या माणसाचं नाव असलेला कागद तेवढा एकच असतो. गोपनीयता फुटणं हाच मुख्य धोका असेल तर सही न घेता संमती घेण्याची परवानगी आयआरबीकडे, म्हणजे नैतिकता समितीकडे, मागता येते. ती मागितली आहे का ते तुमच्या प्रमुखांना विचारा. एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेच्या, पैशातून चाललेल्या अशा संशोधनाला ऑक्टोबर २०१७ पासून 'सर्टिफिकेट ऑफ कॉन्फिडेन्शियालिटी' आपोआप लागू होतं. म्हणजे न्यायालयाने मागितली तरी सहभागी माणसाची ओळख उघड करायला संशोधकांना भाग पाडता येत नाही. हे कायद्याच्या भाषेत वाचून दाखवू नका. अनेक राज्यांत एचआयव्ही असल्याचं जोडीदाराला न सांगणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे समोरचा माणूस "हे कोणाला कळेल?" असं विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पोलीस असतात. सरळ सांगा: काय गुप्त राहील आणि काय आम्हाला पुढे कळवावंच लागेल. जिवाला धोका, लहान मुलाचा छळ, जे तुमच्या संमतीपत्रात असेल ते.

टस्कीगीबद्दल माहिती असू द्या. १९३२ ते १९७२, अलाबामातली मेकन काउंटी, सरकारी आरोग्य खात्याचा 'अभ्यास'. सुमारे सहाशे ब्लॅक पुरुष, त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा रूढ उपचार झाला होता, तरी तो त्यांना दिला नाही. १९७२ मध्ये बातमी फुटली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. अटलांटाहून टस्कीगी गाडीने दोनेक तासांवर आहे, एकदा जाऊन या. पण प्रत्येक अविश्वासाला 'टस्कीगी' असं लेबल लावून मोकळं होऊ नका. माझ्याशी बोललेल्यांपैकी बहुतेकांनी मागच्या महिन्यातलं सांगितलं: इमर्जन्सीत सहा तास बसवलं, नर्सने एकावर एक दोन हातमोजे चढवले, डॉक्टरने नजर वर न करता विचारलं "किती जोडीदार?" अविश्वास हा फक्त इतिहासाचा असता तर आजच्या दवाखान्याला काही बदलावंच लागलं नसतं. ती पळवाट फार सोयीची आहे.

प्रश्न कसा बदलायचा

आता त्या 'मुख्य कारणा'कडे. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द कायद्याच्या संदर्भात वापरला: ब्लॅक बाईवरचा अन्याय म्हणजे वंशाचा अधिक लिंगाचा अशी बेरीज नव्हे. मानसशास्त्रज्ञ लिसा बोलेग यांनी तो आपल्या क्षेत्रात आणला. त्यांच्या २०१३ च्या वॉशिंग्टन डीसीतल्या ब्लॅक गे आणि बायसेक्शुअल पुरुषांवरच्या लेखात एकाने सांगितलेली उपमा आहे: केक एकदा एकजीव झाला की त्यातून मूळ जिन्नस परत वेगळे काढता येत नाहीत. आपली प्रश्नावली नेमकं तेच मागत असते.

मी आता असं करते. आधी प्रसंग. "गेल्या वर्षभरात असं कुठे झालं की तुम्ही तिथे नकोसे आहात हे तुम्हाला जाणवलं?" मग जागा, मग समोर कोण होतं आणि त्याचं तिथे काय काम होतं: गार्ड, रिसेप्शनिस्ट, पाद्री, बारच्या दारावरचा माणूस. मग "नंतर तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न सोडू नका, आरोग्याचा धागा यातच सापडतो. परत त्या दवाखान्यात गेलात का, झोप लागली का, कोणाशी बोललात का. कारण सर्वांत शेवटी, हवे तेवढे पर्याय निवडायची मुभा देऊन, आणि 'वेगळं काढता येत नाही' हाही एक पर्याय ठेवून. हा शेवटचा पर्याय आमच्याकडे आल्यावर किती जणांनी तो निवडला हे इथे सांगत नाही, तो आकडा अजून छापायचा आहे. पण बैठकीत तक्ता पाहून खोली थोडा वेळ शांत झाली होती.

दोन सापळे. एक, चर्च. "चर्चमध्ये होमोफोबिया जाणवतो का?" असं विचारलं की हो येतं आणि तुम्ही खूश होता. तोच माणूस रविवारी कॉयरमध्ये गातो, आई आजारी असताना त्याच चर्चच्या बायकांनी महिनाभर जेवण पोचवलेलं असतं. "चर्चने काय दिलं, काय घेतलं" असं विचारा. दोन, गोऱ्या गे मंडळींच्या जागा. बाहेरचे संशोधक होमोफोबिया शोधायला ब्लॅक वस्तीत जातात, पण डेटिंग ॲपवरच्या 'ब्लॅक नकोत' अशा ओळी आणि बारच्या दारावर अचानक आठवणारे कपड्यांचे नियम कोणी मोजत नाही. मोजा.

विश्लेषणाला बसलात की

इथे थोडक्यात, कारण संख्याशास्त्र शिकवायला तुमचे प्राध्यापक आहेत. फक्त एक गोष्ट हट्टाने पाहा. सवयीने सगळे उत्पन्न 'कंट्रोल' करतात, म्हणजे हिशेबातून त्याचा परिणाम वेगळा काढतात. पण भेदभावामुळेच नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमा गेला असेल, तर उत्पन्न हा त्या वाटेवरचाच टप्पा आहे. तो कंट्रोल केलात तर जे मोजायला निघालात तेच पुसलंत. मग निष्कर्षात लिहाल, 'स्टिग्माचा परिणाम आढळला नाही.' आधी कशामुळे काय होतं याचे बाण कागदावर काढा, मग मॉडेल चालवा. आणि एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून नैराश्यामुळे भेदभाव जास्त जाणवला की भेदभावामुळे नैराश्य आलं, हे ठरत नाही; तसं लिहू नका.

दरवेळी गोऱ्यांशी तुलना हवीच असंही नाही. ब्लॅक पुरुषांमध्येच कोणाला नियमित उपचार मिळतात आणि कोणाला नाही, हा पूर्ण प्रश्न आहे. 'रेझिलियन्स' हा शब्द मात्र जपून. चिवटपणाचं कौतुक करता करता चिवट राहण्याची जबाबदारी आपण त्याच माणसावर टाकतो.

मुलाखत संपली की गाडी सुरू करण्याआधी दहा मिनिटं टिपण लिहा. कोणत्या प्रश्नाला ते हसले, कुठे घड्याळ पाहिलं, कुठे तुम्ही स्वतः काहीतरी निवडून पुढे गेलात. हे शेवटचं विशेषतः.

माझी ती टिचकी. तीन वर्षांनी मी डेटा सांभाळणाऱ्या मुलाला गाठून म्हणाले, ते उत्तर त्यांचं नाही, काढून टाक. तो म्हणाला, फाइल बंद झाली आहे, आता बदलता येणार नाही. फार तर कोडबुकमध्ये, म्हणजे डेटातल्या रकान्यांचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेत, तळटीप घालतो. मी वाक्य लिहून दिलं: "या प्रश्नाला एकच उत्तर सक्तीचं होतं, किमान एका मुलाखतीत ते मुलाखतकाराने निवडलं." ती तळटीप तिथे आहे. तुमच्या हातात जुना डेटा येईल तेव्हा तक्त्यांआधी कोडबुकाच्या तळटिपा वाचा, आणि ज्या कोडबुकात एकही नसेल त्याच्या मुलाखतकारांना फोन करा.